दादामामाच्या गाडीची डावी बाजू

ही गोष्ट मी कुणाला पटवून देण्यासाठी सांगत नाही. ज्याला थाप वाटेल त्याने खुशाल थाप म्हणावी आणि आपल्या कामाला लागावं.

पण ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा धाकटा मामा आहे, आणि मामा थापा मारणाऱ्यातला नाही. तीस वर्षं तो कारखान्यात लेथवर काम करतोय. केसाएवढा फरक पडला तरी अख्खा माल परत पाठवणारा माणूस. 'साधारण' हा शब्द त्याच्यापुढे काढायची सोय नाही. चहात साखर किती विचारलं तरी तो चमच्यावर बोटाने खूण करून दाखवतो.

आणि हे काळ्याकुट्ट रात्री वगैरे घडलेलं नाही. मार्च महिन्याचा शेवटचा आठवडा होता. बुधवार ते सोमवार. जे पाहिलं ते मामाने लख्ख उजेडात पाहिलं, थोरल्या मामाच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. बारा बाय दहाची शेड. एक दार, एक कुलूप, एक किल्ली.

ती किल्ली मामाच्या खिशात होती.

थोरल्या मामाला आम्ही सगळे दादामामा म्हणायचो. तीन वर्षांपूर्वी तो झोपेतच गेला. लहानपणी आलेल्या तापानंतर त्याचा डावा पाय नीट वाढलाच नव्हता. उजव्यापेक्षा आखूड राहिला. चालताना तो डाव्या अंगाला झुकायचा. एक पाऊल पूर्ण, एक अर्धं. पण मोटरसायकलवर बसला की कुणाला कळायचंसुद्धा नाही. म्हणूनच की काय, त्या गाडीवर त्याचा फार जीव. धुवायची त्याने, पुसायची त्याने, एखादा नट सैल झाला तर आवळायचा तोही त्यानेच. सख्खा भाऊ लेथवरचा कारागीर, पण धाकट्याने गाडीकडे नुसतं वाकून पाहिलं तरी दादामामा म्हणायचा, "हात नको लावूस. मापात बसलीय."

मामाला ते फार लागायचं. तो बोलून दाखवत नसे, पण लागायचं.

दादामामा गेल्यावर गाडी तीन वर्षं शेडमध्ये तशीच उभी होती. मग त्याच्या मुलीला नोकरी लागली. तिला घरात मुंगी म्हणतात, कारण लहानपणी साखरेचा डबा कुठेही लपवला तरी ती तिथे हजर. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका शीतगृहाच्या प्रयोगशाळेत तिची नेमणूक झाली होती. सकाळी सातची पाळी. त्या वेळेला तिकडे बस नाही. सोमवारी, एक तारखेला, वेळेवर पोचली नाही तर दुसरा उमेदवार तयार आहे, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. दोन वर्षं वणवण करून मिळालेली नोकरी होती. ती जाऊन चालणार नव्हतं.

"बाबांची गाडी आहे की," मुंगी म्हणाली.

मामी धाकट्या मामाला म्हणाली, "भावजी, एवढी चालू करून द्या. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला जीव होत नाही."

मामाने आठवडाभराची रजा टाकली. खरं सांगायचं तर तो मनातून खूश होता. आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीला हात लावायला कुणी अडवणार नव्हतं.

आणि तिथेच त्याच्याकडून एक चूक झाली.

हातात पाना धरणारा कुणीही सांगेल, नवीन पार्ट बसल्याशिवाय जुना टाकायचा नाही. तो नमुना असतो. नवीन चुकला तर जुन्यावरून माप घेता येतं. मामा हे कारखान्यात नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवतो. पण त्या दिवशी त्याला सगळं नवं कोरं करायचं होतं. जुने पार्ट गंजले होते. डावा फूटरेस्ट वर सरकलेला, गिअरचा लिव्हर वाकलेला. कधीतरी गाडी पडली असणार, मामाने मनाशी म्हटलं, आणि मोठा ढीग करून मंगळवारीच भंगारवाल्याला देऊन टाकला.

बुधवारी सकाळी तो नवे पार्ट घेऊन आला आणि तेव्हापासून त्याच्या नाकी नऊ आले.

ते मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. अस्सल पार्ट कुठेच नव्हते. दुकानदाराने बाहेर बनवलेले दिले. खोक्यावर गाडीचं चित्र, गाडीचं नाव, सगळं व्यवस्थित.

"बसतील ना?" मामाने विचारलं होतं.

"बिनधास्त. डोळे मिटून बसवा."

मामा नंतर म्हणायचा, तसंच करायला हवं होतं. डोळे उघडे ठेवले की एकही बसत नव्हता.

सायलेन्सरची पट्टी भोकापाशी येईना. ती ओढून बसवली तर सायलेन्सर ब्रेकच्या पेडलला घासायला लागला. क्लचची केबल दोन बोटं लांब. हँडल क्लॅम्पमध्ये सैल, म्हणून पत्र्याची पट्टी कापून आत घातली. साखळीचं कव्हर साखळीवरच टेकलं. सीट बसली तर कुलूप लागेना, कुलूप लागलं तर सीट बसेना. मामा घामाघूम झाला. पार्ट बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. ही वस्तू तयार करणाऱ्याने आयुष्यात मोटरसायकल पाहिली होती की नाही, असा त्याला खरंच प्रश्न पडला. पण हे सगळं माणसाच्या हलगर्जीपणाचं दुखणं होतं. कानस होती, हातात कला होती. चार वाजेपर्यंत उजवी बाजू पूर्ण झाली.

मग डावी.

फूटरेस्टच्या पट्टीची भोकं तीन मिलिमीटर सरकलेली होती. तासभर कानस मारून ती जुळवली. गिअरचा लिव्हर आणखी तऱ्हेवाईक. तो ज्या शाफ्टवर बसतो त्याला बारीक दाते असतात. एक दात पुढे घेतला तर लिव्हर आकाशाकडे, एक दात मागे घेतला तर जमिनीकडे. मधलं काही नाहीच. शेवटी मामाने लिव्हरचे दाते एकेक करून कोरले आणि तो हवा तिथे आणला. दोन्ही फूटरेस्ट मोजले. उंची सारखी. प्रत्येक नट आवळून त्यावरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली. ही त्याची कारखान्यातली सवय. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते.

कुलूप लावलं. किल्ली खिशात.

गुरुवारी सकाळी त्याने दार उघडलं आणि तो उंबऱ्यातच थांबला.

डावा फूटरेस्ट... वर होता.

थोडाथोडका नाही. लांबून दिसेल इतका. आणि गिअरचा लिव्हरही वर वाकलेला होता.

मामाला आधी स्वतःचाच राग आला. नट सैल राहिला असणार. तो वाकला, बघितलं.

पिवळी रेघ... अखंड होती.

नट फिरलाच नव्हता. मग पट्टी वर कशी गेली? त्याने लिव्हर काढून उजेडात धरला. लोखंडी लिव्हर वाकवायचा तर तो व्हाइसच्या जबड्यात पकडावा लागतो, पाइप घालून दाबावा लागतो. त्याचे ओरखडे उठतात. वरचा क्रोमचा मुलामा तडकतो. तीस वर्षांत मामाने याला अपवाद पाहिला नव्हता.

या लिव्हरवर एकही ओरखडा नव्हता. क्रोम आरशासारखं होतं. जणू तो असाच ओतून बनवला होता.

मामा तडक दुकानात गेला. "हे लोखंड आहे का मेण?" त्याने विचारलं.

दुकानदाराने लिव्हर हातात घेऊन उलटासुलटा केला. "हा माझा नाही," तो म्हणाला. "माझा सरळ असतो." मग त्याने खोक्यातला दुसरा काढला, व्हाइसमध्ये धरला आणि सगळा जोर लावून पाइपने दाबला. लिव्हर जेमतेम बोटभर हलला. क्रोमच्या खपल्या टेबलावर पडल्या. दुकानदाराने तिसरा खोका पुढे सरकवला.

मामाने तो बसवला. फूटरेस्ट खाली आणला. रेघा ओढल्या.

शुक्रवारी सकाळी... पुन्हा तेच.

आता भीतीपेक्षा चीड जास्त होती. सांगायचं कुणाला आणि कसं? मामीला सांगावं तर ती नवऱ्याच्या आठवणीने आधीच हळवी झालेली. मुंगी रोज संध्याकाळी येऊन विचारायची, "काका, होईल ना सोमवारपर्यंत?" आणि मामा म्हणायचा, "झालीच म्हण." दिवसभर केलेलं काम सकाळी कुणीतरी पुसून टाकतंय, हे त्या कारागिराला सहन होत नव्हतं. त्याने फूटरेस्टच्या पट्टीत आरपार भोक पाडून पिन ठोकली. लिव्हर तापवून, ठोकून सरळ केला. त्या नादात क्रोम काळं पडलं. पडू दे, तो म्हणाला. मग डावी बाजू किती वर गेली होती, त्याचं दोन्ही दिवशी घेतलेलं माप त्याने वहीत लिहिलं. व्हर्निअरच्या मापपट्टीने, दोनदा मोजून.

अडतीस मिलिमीटर. गुरुवारी अडतीस. शुक्रवारीही अडतीस.

शनिवारी दुपारी एक वाजता मामा शेडबाहेर स्टूल टाकून बसला होता. सकाळी सगळं जागच्या जागी होतं, म्हणून जीव जरा भांड्यात पडला होता. शेडला कुलूप. समोर डबा उघडलेला. ऊन रणरणत होतं.

आणि आतून आवाज आला...

टक्.

मामाचा घास हातातच राहिला. हा आवाज कुठला ते त्याला विचारायची गरज नव्हती. गिअर पडल्याचा आवाज होता.

टक्... टक्... टक्...

चार गिअर. मग थोडा वेळ काहीच नाही. मग तेच उलट, एकेक करत मागे.

दादामामाची ही सवय होती. बाहेर निघण्याआधी बंद गाडीवर बसून तो सगळे गिअर एकदा टाकून बघायचा. तरुणपणी धाकट्या भावाने दाराच्या फटीतून ते हजारदा ऐकलं होतं. तेव्हाही दार बंदच असायचं.

मामा घाबरला असेल, असं तुम्हाला वाटेल. तो घाबरला, पण नंतर. आधी त्याचं डोकं फिरलं. तो उठला आणि बंद दारासमोर उभा राहून बोलायला लागला.

"आयुष्यभर हात लावू दिला नाहीस, दादा. एकदाही नाही. आता तरी सोड ना. पोरीची नोकरी आहे. मी काय माझ्यासाठी करतोय?"

आतला आवाज थांबला.

मामाने कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. डावा फूटरेस्ट वर होता, पिन भोकात तशीच घट्ट, फक्त भोकच आता वर होतं. काल काळवंडलेला लिव्हर पुन्हा वाकलेला होता आणि त्याचं क्रोम परत चकाकत होतं. पत्र्याची शेड दुपारी भट्टीसारखी तापलेली. टाकीला हात लावला तर चटका बसला. हँडलला लावला तरी चटका.

सीट मात्र... गार होती.

मामा बाहेर आला आणि अंगणातल्या नळाखाली डोकं धरून बराच वेळ उभा राहिला.

रविवारी त्याने मामीला सांगितलं. सगळं नाही. एवढंच, की डावी बाजू काही केल्या बसत नाही, सारखी वर जाते.

मामीने चहाचा कप खाली ठेवला. "वरच होती की ती," ती म्हणाली. "ह्यांनीच केली होती. लग्नानंतरच्या वर्षी. आठ दिवस खपले त्या लिव्हरपायी. तीन मोडले, चौथा जमला. मला मागे बसवून म्हणाले, बघ, आता पाय पोचतो."

"किती आखूड होता पाय? नक्की?"

"दीड इंच. तुम्हाला माहीत नाही?"

मामाला माहीत नव्हतं. भाऊ लंगडतो एवढं माहीत होतं, पण किती ते त्याने कधी विचारलंच नव्हतं. सगळ्या जगाची मापं घेणाऱ्या माणसाने घरातलं एक माप कधी घेतलं नव्हतं. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. जो लिव्हर पडझडीत वाकला असं समजून त्याने भंगारात दिला, तो भावाने स्वतःच्या हाताने बनवलेला पाय होता.

तो भंगारवाल्याकडे धावला. माल शुक्रवारीच वितळायला गेला होता.

रविवारी दुपारी मामा पुन्हा शेडमध्ये गेला. दुकानदाराकडचा शेवटचा सरळ लिव्हर तो शनिवारीच घेऊन आला होता, तो बसवला. फूटरेस्ट खाली घेतला. हे करताना त्याला रडू येत होतं, असं त्याने मला स्वतः सांगितलं. मग गाडीला नव्हे, शेडच्या रिकाम्या कोपऱ्याला तो म्हणाला, "दादा, चुकलं माझं. तुझी वस्तू मी टाकली. पण ही गाडी आता तुझ्यासाठी नाही. मुंगीसाठी आहे. तिचे दोन्ही पाय धड आहेत. तुझ्या मापाची गाडी तिला कशी बसेल?"

मामाला वाटलं, ऐकलं त्याने.

संध्याकाळी त्याने शेडची किल्ली मुंगीच्या हातात दिली.

सोमवारी सकाळी सहाला मामा पोचला तेव्हा मुंगीने गाडी अंगणात काढली होती आणि ती वर बसली होती. बॅग पाठीला, हेल्मेट हातात. चेहरा खुललेला.

मामाची नजर खाली गेली.

डावा फूटरेस्ट... अडतीस मिलिमीटर वर होता. मोजायची गरजच नव्हती.

"उतर," मामा म्हणाला. "पाचच मिनिटं. डावा फूटरेस्ट वर आहे. गुडघा टाकीला लागेल तुझा."

"कुठे काय?" मुंगी म्हणाली. "एकदम मापात बसलीय, काका. हात नका लावू."

मामाने समोर जाऊन पाहिलं. डावा पाय दीड इंच वर ठेवलेला. म्हणजे डावा गुडघाही तेवढाच वर दिसायला हवा. साधा हिशेब आहे, शाळेतलं पोर सांगेल.

दोन्ही गुडघे... एका रेषेत होते.

मामा काही बोलायच्या आत तिने किक मारली. तीन वर्षं बंद असलेली गाडी पहिल्या किकला सुरू झाली. मामी दारात उभी राहून डोळे पुसत होती. मुंगी वेळेवर पोचली. नोकरी टिकली. आजही ती तिथेच आहे.

संध्याकाळी ती परत आली, गाडी शेडमध्ये लावली आणि अंगणातून घरात चालत गेली. मामा ओट्यावर बसला होता.

एक पाऊल पूर्ण. एक अर्धं.

"पायाला काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. का?" ती म्हणाली. तिला कळलंच नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस मामाने काय काय केलं ते सांगत बसत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी तिला झोपवून टेपने दोन्ही पाय मोजले. सारखे. फोटो काढले. काही दोष नाही. सवयीने लंगडत असेल, डॉक्टर म्हणाले, विसरून जाईल. ती विसरली नाही. मामाने गाडी विकून टाकायचा विषय काढला तर मामी आणि मुंगी दोघी त्याच्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत.

मग गेल्या महिन्यात एका बंद पडलेल्या गॅरेजच्या माळ्यावर मामाला त्या गाडीचा गिअर लिव्हर मिळाला. अस्सल. कंपनीच्या कागदात गुंडाळलेला. मुंगीला सुट्टी होती, ती घरात झोपली होती. मामाने शेड उघडली आणि तो लिव्हर शाफ्टवर सरकवला. कानस नाही, हातोडी नाही. दात दातात बसला. फूटरेस्ट खाली घेतला, तोही निमूट आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या डाव्या बाजूने त्याचं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धावत बघायला गेला. लिव्हर सरळ होता. फूटरेस्ट जागेवर होता. गाडी कंपनीतून निघाली असेल तशी, तंतोतंत. मामा म्हणतो, त्या क्षणी त्याला वाटलं, सुटलो. दादाने सोडली गाडी. आधीचे वाकलेले लिव्हर त्याने तेव्हाच कापून टाकले.

मुंगी आली. गाडीवर बसली. तिने डावा पाय खाली सोडला, जरा चाचपला, मग सीटवर डावीकडे सरकली, आणखी सरकली.

तिचा पाय पोचत नव्हता.

दीड इंच कमी पडत होता.

"काका," ती वैतागून म्हणाली, "हा कुठला आणलात? हा नाही बसत."

मामाने तो लिव्हर काढून ठेवलाय. मला दाखवला परवा. बाजूच्या व्हाइसमध्ये दुसरा एक धरला होता, पाइप घालून वर वाकवत आणलेला. आम्ही बोलत होतो, पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. तो मधूनमधून व्हर्निअर लावून बघत होता. अडतीसला अजून चार मिलिमीटर कमी होते.